अक्काच्या पुड्या

मांजलपूर, बडोदे
९ जानेवारी १९९६

ती. अक्कास,
दिनाचा साष्टांग नमस्कार. हल्ली साष्टांग कागदावरच जमतो, तेवढा गोड मानून घे.

आधी चांगली बातमी. कांचनचं ठरलं. मुलाचं नाव आनंद, रिफायनरीत आहे, घर गोरव्याला. म्हणजे पोरगी गावातच राहणार, लुनावरून अर्ध्या तासात बापाकडे येईल. लग्न ५ मे, रविवारी. कमला गेली तेव्हा तू वर्षभर इथे राहून कांचनच्या वेण्या घातल्यास, म्हणून ही बातमी सगळ्यांच्या आधी तुला.

दुसरी बातमी माझ्या कमरेची. चौतीस वर्षं कारखान्यात लेथसमोर एका पायावर भार देऊन उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस. उजवा खुबा झिजला आहे आणि तिथून कळ निघते ती पोटरीपर्यंत जाते. मांडी घालता येत नाही. परवा देवापुढे बसलो, तर उठवायला कांचन आणि शेजारचे जशुभाई असे दोघं लागले. दुखण्याच्या गोळ्या मला बंद आहेत, तुला माहीतच आहे. त्याच गोळ्यांनी मागे पोटात जखम होऊन रक्त पडलं होतं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा तसलं काही घेतलंत तर मला बोलावू नका. साधी तापाची गोळी चालते, पण ती माझ्या कमरेला ओळखतसुद्धा नाही. मग उरलं काय, तर शेकायची पिशवी, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, आणि सकाळ-संध्याकाळ उताणं पडून एकेक पाय पोटाशी घ्यायचा. फरक पडतो, नाही असं नाही, पण फार हळू.

भटजी म्हणाले, पत्नी नाही तर कमरेला सुपारी लावून एकट्याने कन्यादान करा, आणि खाली बसवत नसेल तर सरळ खुर्ची घ्या. कांचनही तेच म्हणते. मलाही आता वाटायला लागलंय, घ्यावी खुर्ची. तुला काय वाटतं?

तुझा,
दिना

तासगाव
२२ जानेवारी १९९६

चि. दिनास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. नलिनीने, माझ्या सुनेने, लगेच सगळ्या आळीत वाटलीसुद्धा.

खुर्चीचं मात्र नाव काढू नकोस. अण्णांना माझ्या लग्नात एकशे तीन ताप होता. अंगावर घोंगडी घेऊन पाटावर बसले, पण बसले. आपल्या घरात कुणी खुर्चीत बसून लेक दिलेली नाही. पोरगी आणि जावई खाली आणि तू वर, काय निवडणुकीचं भाषण करणार आहेस का? कमला असती तर तिनेच तुला ढकलून खाली बसवलं असतं.

आता नीट ऐक. इथे बाजारच्या दिवशी एक वैद्य जीप घेऊन येतो. आमच्या शेजारच्या गंगाबाई दोन वर्षं सरपटत होत्या. त्याच्या पुडीने आठवड्यात उभ्या राहिल्या, आता विहिरीवरून कळशी भरून आणतात. मी माझ्या डोळ्यांनी बघते आहे रोज. तुझ्यासाठी आणते. तू फक्त हो म्हण.

तुझी अक्का

बडोदे
८ फेब्रुवारी १९९६

ती. अक्कास,
सा. नमस्कार. तुझं पत्र वाचून कांचन खूप हसली, निवडणुकीचं भाषण तिला फार आवडलं.

पुडीत काय काय असतं, तेवढं त्या वैद्याला विचारून कळव. लेथवर काम करणाऱ्या माणसाची खोड आहे, मापल्याशिवाय काही बसवायचं नाही. शिवाय डॉक्टरांनी बजावलं आहे की पाला असो वा चूर्ण असो, आधी मला दाखवा.

आणि एक सांगू का, व्यायाम लागू पडतो आहे. काल चौरंगावर पाच मिनिटं बसलो. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवलंत तर मेपर्यंत चौरंगावर तासभर बसाल. चौरंग काही खुर्ची नाही. तुझी हरकत नसेल तर मी चौरंगावर राजी आहे.

तुझा,
दिना

तासगाव
२० फेब्रुवारी १९९६

चि. दिनास,
अनेक आशीर्वाद. चौरंगावर देव बसवतात आणि सत्यनारायण मांडतात. तू यांपैकी कोण?

वैद्याला विचारलं. म्हणाला, सगळी झाडपाल्याची मुळं आहेत, हिमालयातून येतात, नावं सांगायची नसतात, गुण जातो. कडू आहे एवढं मला कळतं, कारण मी जिभेला लावून पाहिली. तुला काही कमीजास्त देईन का मी?

सोबत मेतकुटाचा डबा पाठवते. वर मेतकूट आहे, त्याच्याखाली चाळीस पुड्या आहेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, कोमट पाण्याबरोबर, काहीतरी खाऊन. डॉक्टरला दाखवू नकोस. त्यांना आपल्या पाल्याची किंमत नसते, उगाच तुझ्या मनात किंतू घालतील. कांचनलाही बोलू नकोस. ती शिकलेली पोर, लगेच डबा घेऊन दवाखान्यात धावेल.

दिना, मी आता बहात्तरची. तुला पाटावर बसलेला बघायचा, एवढी एकच हौस उरली आहे. माझ्यासाठी घे.

तुझी अक्का

बडोदे
१९ मार्च १९९६

ती. अक्कास,
सा. नमस्कार. आठ दिवस डबा तसाच ठेवला होता. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि एका सकाळी पुडी घेतली.

अक्का, काय सांगू. तिसऱ्या दिवशी मी बुटाची नाडी स्वतः बांधली. सहाव्या दिवशी मांडी घातली आणि उठलोही, कुणाचा हात न धरता. मग दार लावून घेऊन रडलो. दुखणं नसलेला देह कसा असतो, ते मी विसरूनच गेलो होतो. काल कांचनबरोबर लहरीपुऱ्यात साड्या बघायला तीन तास हिंडलो. जशुभाई म्हणतात, "दीनानाथभाई, तमे तो जुवान थई गया." कांचनला वाटतं, व्यायामाचा गुण. मी मान डोलावतो. व्यायाम आता कधी होतो कधी नाही, गरज वाटत नाही.

पुड्या संपत आल्या. आणखी पाठव.

तुझा,
दिना

तासगाव
३० मार्च १९९६

चि. दिनास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि गंगाबाईंना वाचून दाखवलं. त्याही रडल्या. मी सांगत होते ना तुला! लहानपणी विटी लागून कपाळ फुटलं होतं, तेव्हाही तू माझ्याच हातची हळद लावून घेतली होतीस, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हतास.

शंभर पुड्या पाठवते आहे. आता लग्न होईपर्यंत खंड पाडायचा नाही.

तुझी अक्का

बडोदे
१६ एप्रिल १९९६

ती. अक्कास,
सा. नमस्कार. पुड्या मिळाल्या. पत्रिका छापून झाल्या, तुमची वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे.

माझं बरं आहे. भूक इतकी लागते की कांचन म्हणते, लग्नाचं सामान बाबाच संपवणार. तोंड भरलं आहे, गाल वर आले आहेत. भेटणारे म्हणतात, तब्येत सुधारली. मधे चार दिवस पुडी बंद करून पाहिली, तर कंबर आधीपेक्षा दुप्पट धरली आणि अंगातलं त्राणच गेलं. पुन्हा सुरू केली.

एक गोष्ट फक्त तुला विचारतो. आठवडाभर परसाकडे काळं होतं आहे, डांबरासारखं. मागे पोटातून रक्त गेलं होतं तेव्हा असंच झालं होतं. वैद्याला विचारशील का? डॉक्टरकडे जावं असं एकदा मनात येतं. पण गेलो तर ते सगळं बंद करतील, आणि लग्नाला एकोणीस दिवस उरले आहेत.

तुझा,
दिना

तासगाव
२४ एप्रिल १९९६

चि. दिनास,
अनेक आशीर्वाद. पत्र आलं त्याच दिवशी बाजार होता, मी स्वतः गेले. वैद्य म्हणाला, घाबरू नका, आतला साठलेला वात काळा होऊन बाहेर पडतो आहे, हीच औषध लागू पडल्याची खूण. म्हणून तू मनात काही आणू नकोस. वाटलंच तर थंड दूध घे.

मी ३० तारखेला निघते. विश्वास, माझा मुलगा, बरोबर आहे. आणखी पुड्या मी बरोबरच आणते.

तुझी अक्का

तासगाव
१८ मे १९९६

चि. दिनास,
अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. आल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला लग्नाचंच सांगते आहे.

दोन तास दहा मिनिटं बसलास. मी घड्याळ बघत होते. कमरेला सुपारी, हातात पाणी, आणि तोंडावर दुखण्याची एक रेघ नाही. अण्णाच बसले आहेत असं वाटलं मला. सकाळी माझ्या हाताने तुला पुडी दिली तेव्हा तू भिंतीला टेकून उभा होतास, मी म्हटलं, लेक जाणार म्हणून. नंतर तू घामाने भिजलास आणि आत जाऊन पडलास, तेव्हा विश्वास म्हणाला, मामांचा रंग पांढरा पडला आहे. मी त्याला गप्प केलं. उन्हाळा आहे, उपास आहे, असं व्हायचंच.

आता घरात तू एकटा. जेवणाची आबाळ करू नकोस. कमरेची सुपारी कमलाच्या फोटोपाशी ठेवलीस ना? ठेव.

तुझी अक्का

बडोदे
१७ जून १९९६

ती. अक्कास,
सा. नमस्कार. अक्षर वाकडं आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. पडून लिहितो आहे.

तुला विश्वासकडून कळलंच असेल. २९ मेला न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो, रक्ताची उलटी झाली. जशुभाईंनी रिक्षात घालून नेलं. पोटातली जुनी जखम फुटली. पाच बाटल्या रक्त चढवलं. परवा घरी सोडलं आहे. कांचन रोज शाळेत शिकवून झालं की इकडे येते, जावईही येतात, माणूस फार भला आहे.

अक्का, तुझ्यापाशी एक कबुली द्यायची आहे. तू रागावशील, पण आता लपवून काही उपयोग नाही. तुझ्या पुड्या मी घेतल्याच नाहीत. पहिल्या दिवशी एक घेतली, इतकी कडू लागली की थुंकून टाकली. तुला वाईट वाटेल म्हणून गुण आला असं लिहीत राहिलो. दुखण्याच्या गोळ्या मी लहरीपुऱ्यातल्या एका दुकानातून गुपचूप आणत होतो, डॉक्टरांनी बंद केलेल्या त्याच. त्यांनीच हे केलं. लग्नाच्या सकाळी तू स्वतः दिलीस ती तेवढी पुडी पोटात गेली, पण एका पुडीने काय होतं? तुझ्या सगळ्या पुड्या डब्यात तशाच आहेत. कांचनला सांगतो, डबा परत पाठव म्हणून.

अपराध माझा आहे. हावरटपणा केला, दुसरं काय. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दिना

तासगाव
२६ जून १९९६

चि. दिनास,
मेल्या, आशीर्वाद तरी कुठल्या तोंडाने देऊ तुला? इतकी वर्षं झाली तरी तुझी लबाडी गेली नाही. मी इथे गंगाबाईंना तुझी पत्रं वाचून दाखवते, आणि तू पुड्या डब्यात ठेवून दुकानातल्या गोळ्या खातोस! त्या वैद्याची मी केवढी वाहवा केली. वर डॉक्टरने सांगितलेलं असताना! तुला सांगून ठेवते, बरा झालास की मी तिथे येऊन तुझे कान धरणार आहे.

खरं सांगू? विश्वासने रक्ताच्या उलटीचं सांगितलं तेव्हापासून मला झोप नव्हती. काळं होतं म्हणालास, आणि मी दूध घे म्हटलं, तेच सारखं आठवत होतं. देवाला विचारत होते, माझ्या हातून काही झालं का? तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. रात्री झोप लागली.

आता शहाण्यासारखा वाग. डॉक्टर सांगतील तेवढंच घे. मी येतेच.

तुझी अक्का

गोरवा, बडोदे
१४ जुलै १९९६

ती. दुर्गाआत्यास,
शि. सा. नमस्कार. तेरावं काल झालं. विश्वासदादाने फोनवर सांगितलंच असेल, पण सगळं लिहावं असं वाटलं. तू यायला निघाली होतीस आणि मिरजेच्या स्टेशनवरून परत फिरावं लागलं, ते ऐकून फार वाईट वाटलं.

३० जूनला ते पुन्हा कोसळले. रक्तदाब एकदम खाली गेला, तो वर आलाच नाही. डॉक्टर म्हणत होते, हे नुसत्या गोळ्यांचं वाटत नाही. त्यांनी बाबांना दोन वेळा विचारलं, कुठली देशी पुडी घेत होता का? त्या पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या कुटून घालतात, माणूस पळायला लागतो, आणि अचानक बंद केली की शरीर बसतं. घेत असाल तर सांगा, मला त्याप्रमाणे औषध देता येईल. बाबा दोन्ही वेळा नाही म्हणाले. मी तिथेच उभी होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

तुझं शेवटचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. कान धरण्याचं ऐकून हसले. म्हणाले, "अक्का चिडली ना? बरं झालं. आता ती झोपेल."

आत्या, मला राहून राहून एकच वाटतं. ते गोळ्या आणत होते आणि मला कळलं नाही. एकाच घरात राहत होतो आम्ही. मी साड्या बघत होते. त्यांचं तोंड सुजलं होतं, आणि मी मैत्रिणींना सांगत होते, बाबांची तब्येत सुधारली. खुर्चीत बसा म्हणून मी एकदाच म्हटलं, हट्ट धरला नाही. मनातून मलाही त्यांनी माझ्याजवळ खाली बसावं असंच वाटत होतं. माझ्या लग्नासाठी त्यांनी जीव दिला. आनंद समजावतात, पण लग्नाचा फोटो माझ्याने बघवत नाही. तो भिंतीवरून काढून ठेवला आहे.

तुझा मेतकुटाचा डबा पार्सलने पाठवते आहे. बाबांनी दोन वेळा बजावलं होतं, डबा अक्काला पोचलाच पाहिजे. मी उघडलेला नाही. घरी आले ते दहाबारा दिवस अंथरुणावर बसून त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं, मी आले की चादरीखाली सारायचे. सुंठीची बरणी तेवढी रिकामी झालेली दिसली. चहात घालत असतील.

तुझी,
कांचन

तासगाव
३० जुलै १९९६

चि. कांचनला,
अनेक आशीर्वाद. हे पत्र आनंदरावांसमोर बसून वाच, एकटी वाचू नकोस.

डबा मिळाला. उघडला तर पुड्या काठोकाठ भरलेल्या. सगळ्या एका मापाच्या, कोपऱ्यांत कोपरा बसवून घडी घातलेली. वैद्याच्या पुड्या अशा नसतात बाई. तो कागद फाडतो आणि चुरगाळतो. मी एक सोडली आणि जिभेला लावली. सुंठ आणि कणीक. दुसरी सोडली, तीच. मग कागद उजेडात धरला. मराठी वर्तमानपत्र, वर तारीख २० जून. मी पुड्या पाठवल्या त्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये.

तुझ्या बापाने लहरीपुऱ्यातून एकही गोळी आणली नाही. त्याने माझ्या पुड्या घेतल्या, सगळ्याच्या सगळ्या. काळं होतं आहे, डॉक्टरकडे जाऊ का, असं त्याने मला लिहून विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुला सांगू नकोस, डॉक्टरला दाखवू नकोस, हेही मीच लिहिलं. ती पत्रं त्याच्याकडे असतील तर शोध. नसली तर त्याने जाळली असतील, माझ्यासाठी. त्याची माझ्याकडे आहेत, ती या पाकिटात घालते. वाच म्हणजे कळेल.

तो चौरंगावर बसायला तयार होता. व्यायामाने त्याला गुण येत होता, पाच मिनिटं बसलो म्हणून आनंदाने लिहिलं होतं बिचाऱ्याने. मी त्याची चेष्टा केली. खुर्चीलाही तो तयार झाला होता. मला माझ्या अण्णांसारखा पाटावर बसलेला भाऊ बघायचा होता, आणि मी तो बघितला. घड्याळ लावून बघितला.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं म्हणतेस. हो म्हणाला असता तर कदाचित वाचला असता. तो नाही म्हणाला, कारण शेजारी तू उभी होतीस, आणि तुझ्याकडून ते माझ्यापर्यंत आलं असतं. हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

त्याला वाटलं होतं, मला हे कधी कळू नये. मीही गप्प बसले असते, त्याची तेवढी शेवटची इच्छा म्हणून. दोन दिवस तसं ठरवलंही होतं. पण तू स्वतःला बोल लावते आहेस, फोटो उतरवून ठेवला आहेस, ते वाचलं आणि गप्प बसवेना. तुझा यात काही दोष नाही, पोरी. तुझ्या लग्नानेही काही केलं नाही. जे केलं ते मी केलं. फोटो परत लाव. त्यात तो खरोखरच सुखात बसला होता, ते मी जवळून पाहिलं आहे.

गंगाबाईंच्या पुड्या मी काढून घेतल्या आणि विश्वासबरोबर त्यांना मिरजेला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवा, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. बाजारात उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ याच पुडीने गेला. त्यानंतर जीप आली नाही. दुसऱ्या गावी जात असेल.

तुझ्या बापाने बांधलेल्या पुड्या मी ठेवून घेतल्या आहेत. अंथरुणावर बसून शंभराच्या वर घड्या घातल्या त्याने, मला झोप लागावी म्हणून. त्या मी कुणाला देणार नाही.

यापुढे मला आत्या म्हणायचं की नाही, ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी माझी तक्रार नाही.

दुर्गा